मिसर, अश्शूर आणि मधला रस्ता

वैरी राष्ट्रांच्या समेटाबद्दल संदेष्ट्यांनी काय सांगितलं, या एकाच विषयावर खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि बेळगाव शहरातून पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून इथं उत्तरं दिली आहेत. वाचताना पवित्र शास्त्र उघडून शेजारी ठेवावं, अध्याय-वचनांचे आकडे त्यासाठीच आहेत.

प्रश्न : वैरी राष्ट्रं एक होतील, असं बायबलमध्ये नेमकं कुठं म्हटलंय? उपासनेत तरवारींचे फाळ होतील एवढंच वचन ऐकायला मिळतं. त्यापलीकडे काही आहे का? (खानापूर)

आहे, आणि ते त्याहून धीट आहे. यशयाचा १९ वा अध्याय काढा आणि शेवटची तीन वचनं, २३ ते २५, वाचा.

फाळांच्या वचनात (यशया २:४) कुठल्याही राष्ट्राचं नाव नाही. नुसतं 'राष्ट्रं' म्हटलं की ऐकणाऱ्याला आपलं दुखणं आठवत नाही. यशया १९ मध्ये मात्र नावं घेतली आहेत, आणि ती झोंबणारी आहेत. मिसर म्हणजे जिथं पूर्वजांनी गुलाम होऊन विटा पाडल्या तो देश. अश्शूर म्हणजे ज्यानं इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन ही राजधानी घेतली, इस्राएलाचं उत्तरेचं राज्य संपवलं, माणसं उचलून परमुलखात नेऊन वसवली आणि इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदा या दक्षिणेच्या राज्यावर चाल केली. यहूदाची ४६ तटबंदीची नगरं घेतली, असं अश्शूरचा राजा सन्हेरीब यानं स्वतःच्या लेखात कोरून ठेवलं आहे. त्यांतल्या लाखीश नगराच्या पाडावाची दगडी चित्रं निनवेच्या राजवाड्यात होती, आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बैलगाडीत गाठोडी, गाठोड्यांवर बसलेली बायका-पोरं, आणि तटाबाहेर सुळावर चढवलेली माणसं. हे ज्यांनी सोसलं त्यांच्याच भाषेत यशया १९ लिहिलेला आहे, हे विसरून तो वाचला तर गोड वाटतो आणि हातातून निसटतो.

आता २३ व्या वचनातला मजकूर पाहा. त्या दिवशी मिसरातून अश्शूरपर्यंत रस्ता होईल, अश्शूरी मिसरात जातील, मिसरी अश्शूरात जातील. २४ व्यात इस्राएल या दोघांबरोबर तिसरा होईल आणि पृथ्वीवर आशीर्वाद होईल. २५ व्यात देव तिघांना नावानं हाक मारतो : माझे लोक मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर, माझं वतन इस्राएल. पहिल्या दोन पदव्या मुळात कुणाच्या? 'माझे लोक' हा शब्द निर्गम ३:७ मध्ये इस्राएलासाठी आला, तोही मिसराच्याच जाचातून सोडवताना. 'माझ्या हातची कृती' यशया ६०:२१ मध्ये इस्राएलासाठी आहे. घरातली भांडी शेजाऱ्याला द्यावीत तशा इस्राएलाच्या पदव्या इथं वैऱ्यांना दिल्या आहेत. आणि तरीही मिसर मिसरच राहतो, अश्शूर अश्शूरच. कुणाचं नाव पुसलेलं नाही. आमच्या मते या अध्यायाचा गाभा हाच, आणि खालच्या बऱ्याच उत्तरांत तो पुन्हा येईल.

रस्त्यासाठी मूळ हिब्रू शब्द 'मसिल्ला' आहे, म्हणजे माती-दगडांचा भराव घालून उंच केलेला रस्ता. नकाशात कैरोपासून मोसुलपर्यंत पट्टी ठेवली तर सरळ रेषेत सुमारे १,३०० किलोमीटर भरतात. मोसुलसमोर, तैग्रीस नदीच्या पलीकडच्या काठाला, निनवेचे अवशेष आहेत. जुनी वाट समुद्राच्या कडेनं गाझा, मगिद्दो, दिमिष्क अशी वर चढून फरात नदीकडे जायची. म्हणजे दोन बलाढ्य सैन्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर इस्राएल. इ.स.पू. ६०९ मध्ये यहूदाचा राजा योशीया याच वाटेवर, मगिद्दोला, मिसराच्या फारोकडून मारला गेला. पुणे-बंगळूर हमरस्त्यालगत राहणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. तणाव वाढला की दोन्हीकडच्या एसटी सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे थांबतात, आणि निपाणीचा माणूस कोल्हापूरच्या दवाखान्यात कसा जायचा हा प्रश्न त्याच संध्याकाळी उभा राहतो. यशया ३३:८ मध्ये नेमकं हेच आहे : रस्ते ओस पडले, वाटसरू थांबले. रस्ता चालू असणं हीच शास्त्रात समेटाची पहिली खूण.

हाच 'मसिल्ला' शब्द यशयात आणखी कुठं येतो तेही पेन्सिलीनं खुणा करून ठेवा. ७:३ मध्ये यहूदाचा राजा आहाज परटाच्या शेताच्या रस्त्यावर उभा आहे, शत्रूच्या धाकानं. ३६:२ मध्ये त्याच जागी अश्शूरचा सेनाधिकारी रब्शाके येऊन धमकावतो. ११:१६ मध्ये अश्शूरात उरलेल्या लोकांना परत आणायला रस्ता होतो. आणि १९:२३ मध्ये त्याच अश्शूरचे लोक त्याच शब्दाच्या रस्त्यानं उपासनेला येतात. ही चार वचनं ओळीनं वाचली की वेगळ्या प्रवचनाची गरज उरत नाही.

प्रश्न : त्याच अध्यायात पाच नगरांच्या भाषेचा उल्लेख आहे. सीमाभागातल्या आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. त्याचा अर्थ काय? (बेळगाव)

१९:१८. मिसर देशात पाच नगरं कनानाची भाषा बोलतील. कनानाची भाषा म्हणजे हिब्रू. इथं थोडं सावध राहा. 'बघा, एक दिवस सगळे आपलीच भाषा बोलतील' असा अर्थ काढला जातो. वचनात पाचच नगरं आहेत, सगळा मिसर नाही. बाकीचा देश आपली भाषा बोलत राहतो, आणि २५ व्या वचनात आशीर्वाद त्या सगळ्या देशाला आहे.

त्यांतल्या एका नगराचं नाव हातानं लिहिलेल्या जुन्या प्रतींत वेगवेगळं सापडतं. नेहमीच्या हिब्रू पाठात ते 'हेरेस', म्हणजे नाशाचं नगर. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीत आणि आणखी काही प्रतींत एकच अक्षर बदलून ते 'सूर्याचं नगर' होतं. ग्रीक भाषांतरात ते 'नीतिमत्तेचं नगर' या अर्थानं येतं. नाश आणि सूर्य यांत हिब्रूत फक्त एका 'ह'चा फरक आहे, आणि ती दोन अक्षरं दिसायलाही जवळजवळ सारखी. तुमच्या बायबलच्या तळटीपेत दुसरं नाव दिसलं तर गोंधळू नका.

भाषेचा आणखी एक प्रसंग याच ग्रंथात आहे, तो याच्या जोडीनं वाचावा. यशया ३६:११ ते १३. रब्शाके तटाखाली उभा राहून बोलतो आहे. यहूदाचा राजा हिज्कीया याचे कारभारी विनवतात, आमच्याशी अरामीत बोला, ती आम्हाला कळते. तटावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा यहूदी भाषेत बोलू नका. तो मुद्दाम यहूदी भाषेतच ओरडतो. परक्याची भाषा त्याला उत्तम येते, पण ती त्यानं धाक घालायला वापरली. १९:१८ मधले मिसरी लोक परक्याची भाषा शपथ वाहायला, म्हणजे शब्दाला जागायला, वापरतात. दोन भाषा येणारा माणूस बेळगावात प्रत्येक गल्लीत आहे. त्याची दुसरी भाषा कोणत्या कामी येते, हे या दोन वचनांपुढे ज्यानं त्यानं तपासावं.

प्रश्न : १९:२३ चा शेवट वेगवेगळ्या भाषांतरांत वेगळा आहे. कुठं 'मिसरी अश्शूऱ्यांबरोबर उपासना करतील', तर कुठं 'मिसरी अश्शूऱ्यांची सेवा करतील'. खरं कोणतं? (निपाणी)

प्रश्न बारीक आहे आणि योग्य आहे. हिब्रूतलं 'आवद' हे क्रियापद राबणे आणि उपासना करणे या दोन्ही अर्थांनी येतं. त्यापुढचा 'एत' हा शब्द कधी कर्म दाखवतो, कधी 'बरोबर'. म्हणून व्याकरणानं दोन्ही वाचनं बसतात. जुन्या ग्रीक भाषांतरात 'मिसरी अश्शूऱ्यांची चाकरी करतील' असंच आहे.

आम्ही 'बरोबर उपासना' घेतो, त्याचं कारण संदर्भात आहे. २१ व्या वचनात तेच क्रियापद आलं आहे आणि तिथं मिसरी लोक यज्ञ आणि अर्पणं आणतात, म्हणजे अर्थ उपासनेचाच. दोन ओळींनी तो अचानक चाकरीकडे वळवायला आधार लागेल. शिवाय २५ व्या वचनात दोघांना सारखा आशीर्वाद आहे. एकाला दुसऱ्याचा चाकर करून तो बसत नाही.

ग्रीक भाषांतरकारांना २५ वं वचनही जड गेलेलं दिसतं. त्यांनी 'माझे लोक मिसर' याऐवजी 'मिसरात असलेले आणि अश्शूरात असलेले माझे लोक' असं केलं. तर्गूम या जुन्या अरामी भाषांतरातही 'ज्यांना मी मिसरातून काढलं ते माझे लोक' असा बदल आहे. दोन्हीकडे वैऱ्याला मिळालेली पदवी अलगद काढून परत इस्राएलाला दिली गेली. माणसाला समेटाचं वचन ऐकायला आवडतं, पण त्यात वैऱ्याचं नाव आलं की हात आखडतो. हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखण्यांतही दिसतं. मराठी आणि कन्नड बायबल दोन्ही इथं हिब्रूला धरून चालतात.

प्रश्न : हे भविष्य आपल्या सीमाप्रश्नाला लावता येईल का? (खानापूर आणि बेळगावातून चार पत्रं)

सरळ लावता येणार नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही एकाच देशातली दोन राज्यं आहेत, वैरी राष्ट्रं नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासूनचा हा वाद. २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल राज्यघटना आणि पुरावे पाहून लागायचा आहे; यशयाचं वचन त्यात कुणाच्याच बाजूचा कागद नाही.

तरी लोक ते लावतात, आणि दोन प्रकारे चुकतात. पहिली चूक : 'आम्ही इस्राएल, ते अश्शूर.' हे दोन्ही भाषांत, दोन्ही बाजूंनी म्हटलं जातं. असं म्हणताक्षणी २५ वं वचन मोडतं, कारण तिथं अश्शूर देवाच्या हातची कृती आहे. ज्याला अश्शूर म्हणायचं त्याला तीही पदवी द्यावी लागेल.

दुसरी चूक जास्त घरंदाज दिसते, म्हणून जास्त घातक : 'समेट म्हणजे मागण्या सोडा आणि गप्प बसा.' शास्त्र असं म्हणत नाही. यशया २:४ चा क्रम बोट ठेवून वाचा. आधी देव राष्ट्रांमध्ये न्याय करील, पुष्कळ लोकांचा निवाडा करील. मग तरवारी मोडतील. हिब्रूत तिथं 'शाफट' आणि 'होखीआख' ही दोन क्रियापदं आहेत, एक न्यायाचं, दुसरं वाद तोडून देण्याचं. निवाडा अगोदर, फाळ नंतर. मुलाला पहिलीपासून मातृभाषेत शिकायला मिळावं, सातबाराचा उतारा समजेल अशा भाषेत हाती यावा, असं मागणं हे समेटाच्या विरुद्ध नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, हे घटनेच्या ३५०-अ कलमात आहेच.

मग घ्यायचं काय? १ नोव्हेंबर हा आपल्याकडे एकाच दिवशी दोन तऱ्हेनं उगवतो. एका गल्लीत काळा दिवस, पलीकडच्या गल्लीत राज्योत्सव. मंडळीत दोन्ही घरची माणसं असतात आणि त्या आठवड्यात ती एकमेकांची नजर चुकवतात. त्या रविवारी स्तोत्र ८७ वाचावं, असं आम्ही सुचवतो. सातच वचनं आहेत. त्यात राहाब म्हणजे मिसर, बाबेल, पलेशेथ, सोर आणि कूश यांची नावं घेऊन, हा इथं जन्मला, असं देव म्हणतो, आणि ६ व्या वचनात लोकांची नोंद करताना स्वतः तसं लिहितो. जन्मदाखला आणि रहिवासी दाखला यांचं मोल सीमाभागाइतकं दुसरीकडे क्वचितच कळेल. त्या वहीत परक्याचं नाव इथला म्हणून लागतं, आणि लिहिणारा कारकून नाही, देव आहे.

प्रश्न : यशया आणि मीखा म्हणतात तरवारींचे फाळ करा, योएल ३:१० म्हणतो फाळांच्या तरवारी करा. शेतकऱ्यानं कुणाचं ऐकायचं? (अथणी)

योएलाचं वाक्य कुणाला उद्देशून आहे ते ९ व्या वचनापासून पाहा : राष्ट्रांमध्ये पुकारा करा. यहोशाफाटाच्या खोऱ्यात राष्ट्रांना न्यायासाठी बोलावलं जात आहे. या, हवी तेवढी हत्यारं घेऊन या, असं ते आव्हान आहे. देवाच्या लोकांनी शेती सोडून तरवारी घडवाव्यात अशी आज्ञा त्यात नाही. योएल न्यायाच्या आदल्या घडीचं बोलतो, यशया आणि मीखा निवाड्यानंतरचं. काही आवृत्त्यांत योएलाचं हे वचन ४:१० म्हणून सापडेल. हिब्रूत अध्यायांची विभागणी वेगळी आहे, एवढंच.

आता फाळाकडे. त्या काळचा नांगर लाकडी. त्याच्या टोकावर लोखंडाची वीतभर, बाणाच्या पात्यासारखी टोपी बसवायची. तिची वरची बाजू वळवून नळी केलेली असे, ती लाकडावर ठोकून घट्ट करत. 'मोडून' हा मराठी शब्द इथं चपखल आहे. मूळ क्रियापद 'कातत', म्हणजे ठेचणे, तुकडे करणे. तरवार जशीच्या तशी वाकवून फाळ होत नाही. पातं लांब, पातळ आणि धारेचं असतं. फाळाला जाडी आणि चिवटपणा लागतो. तुकडे करायचे, भट्टीत पिवळे-पांढरे होईतो तापवायचे, ऐरणीवर एकावर एक ठोकून जोडायचे आणि मग नवा घाट द्यायचा. लोखंड पुरेसं तापलं नाही तर जोड पकडत नाही, आणि पहिल्याच दगडाला फाळ उकलतो. गावच्या लोहाराला विचारा, तो हे वचन कुठल्याही टीकाग्रंथापेक्षा नीट समजावील.

फाळ हातात असणं ही त्या लोकांसाठी साधी गोष्ट नव्हती. १ शमुवेल १३:१९ ते २१ वाचा. इस्राएलात लोहारच नव्हता, कारण पलिष्ट्यांनी तो राहू दिला नव्हता. फाळ, कुदळ, कुऱ्हाड यांना धार लावायला वैऱ्याच्या गावी जावं लागे. त्याची मजुरी हिब्रूत 'पीम' अशी दिली आहे. हा शब्द शतकानुशतकं कोड्यात टाकत होता. उत्खननात त्याच नावाची कोरीव वजनं सापडली, साधारण पावणेआठ ग्रॅमची, तेव्हा उलगडा झाला : शेकेल या वजनाचा दोन-तृतीयांश भाग चांदी, एका फाळाच्या धारेसाठी. ज्यांच्या पूर्वजांनी ही मजुरी मोजली, त्यांना यशया सांगतो की लोखंड आता सगळ्यांचं फाळासाठी तापेल.

त्याच वचनात पुढं भाल्यांचे कोयते होतील असं आहे. त्यातल्या 'कोयता' या शब्दावर आपल्याकडे एक घोटाळा होतो. चिकोडी-निपाणीकडे कोयता म्हटलं की ऊसतोड डोळ्यांपुढे येते. मूळ अवजार द्राक्षवेल छाटायचं, लहान, आत वळलेल्या पात्याचं. अथणीच्या बागायतदारानं आपली छाटणीची कात्री डोळ्यांपुढे आणावी. हा फरक महत्त्वाचा, कारण वेल लावणारा माणूस पुढची वर्षं धरून चाललेला असतो. लेवीय १९:२३ ते २५ प्रमाणे नव्या झाडाचं फळ पहिली तीन वर्षं खायचं नाही, चौथ्या वर्षी ते देवाचं, पाचव्या वर्षापासून आपलं. (अध्याय-वचनांचे आकडे यशयाच्या वचनाशी जुळतात, तो निव्वळ योगायोग, त्यात गुपित शोधू नये.) अनुवाद या पुस्तकात २०:६ मध्ये द्राक्षमळा लावून फळ न चाखलेल्या माणसाला लढाईतून घरी पाठवायला सांगितलं आहे. भाल्याचा कोयता करणारा म्हणजे किमान पाच हंगाम इथंच राहण्याची खात्री असलेला माणूस.

मीखा ४:४ मध्ये म्हणूनच यशयात नसलेली ओळ आहे : जो तो आपल्या द्राक्षवेलाखाली आणि अंजिराखाली बसेल, कुणी घाबरवणार नाही. मीखा राजधानीचा नव्हता. तो मोरेशेथचा, पलिष्ट्यांच्या गथ नगराजवळच्या सखल मुलखातला, म्हणजे सीमेवरचा. १:१० ते १५ मध्ये तो सैन्याच्या वाटेतली गावं एकेक करून मोजतो. त्यांत लाखीश आहे आणि त्याचं स्वतःचं गावही. सीमेवरच्या माणसाला जे सगळ्यात आधी हवं असतं ते त्यानं लिहिलं : घाबरवणारं कुणी नसावं.

प्रश्न : १९७९ चा इस्राएल-इजिप्त करार म्हणजे यशया १९ पूर्ण झाला, असं एका सभेत सांगितलं गेलं. बरोबर आहे का? (चिकोडी)

नाही. २६ मार्च १९७९ ला वॉशिंग्टनमध्ये सादात आणि बेगिन यांनी सही केली, आणि चार युद्धं लढलेल्या दोन देशांत शांतता आली. त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. पण यशया १९ मध्ये तीन नावं आहेत आणि तिघांची एकत्र उपासना आहे. अश्शूर त्या करारात नव्हता. ते साम्राज्य इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडल्यावर संपलं. त्याचा मुलूख आज प्रामुख्यानं उत्तर इराकात आहे.

घाईनं 'पूर्ण झालं' म्हणण्याची खोड जुनी आहे. ओनिया नावाच्या एका याजकानं इ.स.पू. दुसऱ्या शतकात यशया १९:१९ मधल्या वेदीचं वचन दाखवून मिसरच्या राजाकडून परवानगी मिळवली आणि लेओंतोपोलीस इथं मंदिर बांधलं, असं इतिहासकार योसेफस सांगतो. यरुशलेम पडल्यानंतर काही वर्षांत, इ.स. ७३ च्या सुमारास, रोमी लोकांनी ते बंद केलं.

प्रश्न : सगळ्याच वैऱ्यांना समेटाचं वचन आहे का? (बेळगाव)

नावानिशी सगळ्यांना नाही, आणि हे झाकू नये. यिर्मयाच्या ४६ ते ५१ या अध्यायांत राष्ट्रांवरचे न्याय आहेत. मिसर (४६:२६), मवाब (४८:४७), अम्मोन (४९:६) आणि एलाम (४९:३९) यांच्या शेवटी पुनःस्थापनेचं वचन आहे. पलिष्टी, अदोम, दिमिष्क आणि बाबेल यांच्या शेवटी तसं नाही. नहूमाचं सगळं पुस्तक निनवे पडल्याच्या समाधानात आहे. योनाच्या पुस्तकात त्याच निनवेतल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि पुष्कळ गुराढोरांची देवाला कळकळ आहे (४:११). दोन्ही पुस्तकं एकाच शास्त्रात जवळजवळ ठेवली आहेत. घाव झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी नहूम वाचू द्यावा. योना त्याच्यावर लादू नये, पण तो थोड्याच पानांमागे आहे हेही लपवू नये.

यशया ११ मध्येही असंच आहे. १३ व्या वचनात एफ्राईम (उत्तरेचं राज्य) आणि यहूदा यांचा आपसातला मत्सर संपतो, आणि लगेच १४ व्यात दोघं मिळून पलिष्ट्यांवर झडप घालतात. भाऊ-भाऊ एक झाले, पण तिसऱ्याविरुद्ध. यहेज्केल ३७:१५ पासूनच्या दोन काठ्यांच्या दृष्टान्तातही घरातलीच फूट सांधली जाते. यशया १९ इथंच वेगळा ठरतो : त्यात एक व्हायला चौथा वैरी लागत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळीत मराठी आणि कन्नड दोन्ही घरं आहेत. हा अध्याय एकत्र अभ्यासायचा तर कसा घ्यावा? मागच्या वेळी वाद झाला. (बेळगाव तालुका)

बारा ते पंधरा माणसं, सव्वा तास, याहून जास्त नको. बसायला गोल.

आधी फरशीवर खडूनं तीन वर्तुळं काढा : खाली डावीकडे मिसर, वर उजवीकडे अश्शूर, मधे इस्राएल. नावं दोन्ही लिपींत लिहा, कारण वाद बहुधा इथूनच सुरू होतो. मराठी बायबलमधला 'मिसर' कन्नड बायबलमध्ये 'ऐगुप्त' आहे. मराठी नाव हिब्रू-अरबीच्या वळणाचं, कन्नड नाव ग्रीकच्या. निम्मी माणसं वेगळ्या देशाबद्दल बोलत असल्यासारखी गोंधळतात आणि कुणी विचारत नाही. शांतीसाठी कन्नडमध्ये 'समाधान' हा शब्द येतो, तोही आधीच सांगून टाका. मराठी कानाला त्यात 'भागलं, पुरे झालं' असं ऐकू येतं.

मग पहिल्या वचनापासून वाचा. २३ पासून सुरुवात करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. १ ते १५ मध्ये मिसरी मिसऱ्याविरुद्ध उठतो, नदी आटते, कोळी रडतात, ताग विणणारे हताश होतात. मिसर फक्त जुलमी नव्हता, त्याचंही पोट जळत होतं, हे ऐकल्याशिवाय पुढचं कळत नाही. याला वीस मिनिटं द्या. एक परिच्छेद मराठीत, पुढचा कन्नडमध्ये. तोच परिच्छेद दोनदा वाचू नका, नाहीतर ज्याचं वाचून झालं तो लक्ष काढून घेतो.

१६ पासून 'त्या दिवशी' हे शब्द आले की सगळ्यांनी हात वर करायचा. परिच्छेदांची सुरुवात १६, १८, १९, २३ आणि २४ इथं होते, आणि २१ मध्ये ते मधेच आणखी एकदा येतात. २२ व्या वचनाशी थांबा. देव मिसराला मारील आणि बरं करील. मार आणि उपचार एकाच वाक्यात. इथं दोन्हीकडच्या एकेका माणसानं, आपल्याला काय लागलं ते दोन-दोन मिनिटांत सांगावं. दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं नाही. घड्याळ एका वडीलधाऱ्या मावशीकडे द्या. त्यांचं सगळे ऐकतात.

कुणी 'आपण कोण आणि ते कोण' अशी वर्तुळं वाटायला लागला तर चालवणाऱ्यानं तिथंच थांबवावं. मागच्या वेळचा वाद बहुतेक इथंच पेटला असेल. वर्तुळांत माणसं बसवायची नाहीत. खडूनं फक्त रस्ता काढायचा, मिसरापासून अश्शूरपर्यंत, मधल्या वर्तुळातून.

शेवटी इफिसकरांस पत्र २:१४ वाचा, मधली आडभिंत पाडल्याचं. यरुशलेमच्या मंदिरात तशी खरी भिंत होती, आणि परक्यानं आत पाऊल टाकलं तर मरण ओढवेल अशी ग्रीक अक्षरांतली दगडी पाटी तिच्यावर होती. अशी एक अखंड पाटी १८७१ मध्ये सापडली, ती आता इस्तंबूलला आहे. पाटी परक्याला कळेल अशाच भाषेत होती, एवढं सांगून पुढं जा, लांबवू नका.

मग यशया १९:२५ तीन जणांनी वाचावं, एकेकानं एकेक नाव. मराठी घरातल्यानं कन्नड बायबलमधून वाचावं, कन्नड घरातल्यानं मराठीतून. अडखळला तर शेजारच्यानं हळूच शब्द सांगावा.